पेंडशांच्या डाव्या खिशातले चिंचोके

पेंडशांनी मला फसवलं. भर सभेत, आणि तेही माझ्याच बायकोच्या तोंडून.

पेंडसे आमच्या बिबवेवाडीतल्या पतसंस्थेचे मानद सचिव. शर्टाला दोन खिसे, दोन्हींत चिंचोके. संस्थेत पुरुष आला की उजव्या खिशातला चिंचोका एका डब्यात, बाई आली की डाव्या खिशातला दुसऱ्या डब्यात. "एकत्र मोजलं की बायका त्यात विरघळतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलीच्या लग्नात मी ऐटीत म्हणालो, "हजार पान उठलं!" तर म्हणे, "छान. शेवटच्या पंगतीला गार भात कुणी खाल्ला? बायकांनी की पुरुषांनी?"

मी स्वारगेटला हातगाडीवर बल्ब विकून वर आलोय. मला गुंडाळणं सोपं नाही. माझ्या इमारतीत वरचा गाळा रिकामा होता. संस्थेचं ऑफिस तिथे भाड्याने आणायचं ठरवून मी एकेका संचालकाला चहा पाजून पटवलं. महिलांच्या राखीव जागेवर माझी बायको मंगल आहे, म्हणजे मीच आहे. सभेत ती बसते आणि शेजारी बसून मी बोलतो. कुणाची कधी तक्रार नव्हती.

पेंडशांसमोर एक पितळी वाटी असते. सभेत बाई बोलली की तीत चिंचोका टाकायचा, हा त्यांचा नेम. वाटी कधी वाजली नव्हती.

गाळ्याचा ठराव आला त्या दिवशी, माझा चहा पिऊनही, मतं निम्मी निम्मी पडली. मंगलचं तेवढं राहिलं होतं.

"मंगलचं हो. लिहा," मी म्हणालो.

"शेठ, संचालक आपण नाही. मंगलताई, आपलं मत?"

"अहो, तिचं-माझं एकच!"

"मग त्यांच्याकडूनही ऐकू. बिघडलं कुठे?"

मंगल उभी राहिली. "नको. दुपारी बायकांच्या चिंचोक्यांचाच डबा भरतो, मी बघते ना. सगळ्या भाजीच्या पिशव्या घेऊन येतात. तेवढा जिना चढणार कोण?"

टण्ण! ठराव पडला.

सकाळी मी पेंडशांच्या घरी जाऊन बरसलो. "दुसऱ्याच्या बायकोच्या मताशी तुम्हाला काय करायचंय हो?"

"आमची हीसुद्धा संचालक होती," ते म्हणाले. "तिच्या वतीने मीच बोलायचो. छान बोलायचो. ती गेली, आणि मुलगा म्हणाला, घर विकू या. म्हटलं, हिला काय वाटलं असतं? अहो, काही आठवेचना. तिचं एकही मत मला ठाऊक नव्हतं. म्हणून अजून विकलं नाही. ठेवलंय, असंही नाही."

समोरचा उलट बोलला की मला पुढचं सुचतं. हे तर हळू आवाजात बोलत होते. चहासुद्धा न घेता परत आलो.

गाळा अजून रिकामाच आहे. मंगलला आता घरात प्रत्येक गोष्टीवर मत आहे, आणि ते ती मला ऐकवते. या सगळ्याचा जाब पेंडशांनी द्यायलाच हवा. चारचौघांत, उभं राहून. आणि मी मागायला गेलो की असं हळू आवाजात बोलणं आधी बंद करावं.