साखळीतली पाहुणी

तुम्हाला म्हणून सांगतो, कसलाही चेहरा माझ्यापुढे बसवा, मी तो चांगला करून देतो! माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न ठरायची वाट बघणारी मुलगी असो नाहीतर परवान्यासाठी फोटो काढायला आलेला ट्रक ड्रायव्हर असो, "हनुवटी जरा वर, खांदे मागे, हं, आता हसा!" एवढं म्हटलं की माणूस बदलतो. त्यामुळे गावातली प्राथमिक शाळा वाचवायची वेळ आली, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "तू काळजी सोड. शाळा म्हणजे तरी काय, एक मोठा चेहराच की!"

बायको त्याच शाळेत मुख्याध्यापिका आहे. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, शाळेला हनुवटी नसते."

"तेच तर दुखणं आहे! काढून द्यावी लागेल."

शाळा म्हणाल तर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक मोठं झाड आणि झाडाला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. तो बडवला की घंटा झाली. शाळेत मुलं थोडी आणि ती दर वर्षी आणखी थोडी होत चाललेली, कारण शहरातल्या मोठ्या शाळेची पिवळीधमक बस थेट दारात येऊन भोंगा वाजवायची. वरच्या कचेरीतून निरोप आला होता की पुढच्या वर्षी पट वाढला नाही तर शाळेला कुलूप. म्हणजे बायकोची बदली कुठेतरी लांब आणि आमच्या ठकीला रोज त्या बसमध्ये ओकत ओकत शहर गाठायचं. ठकीला बैलगाडीसुद्धा लागते हो!

त्यात गावच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरबाई आल्या. नवरा, एक छोटी मुलगी, असं सुटसुटीत कुटुंब. गाव तेव्हा खोकल्यापासून भाडेकरूपर्यंत सगळं डॉक्टरबाईंना विचारून करायला लागलं होतं. त्यांची मुलगी अजून कुणी धड पाहिलीही नव्हती, पण ती कुठल्या शाळेत जाते यावर सगळ्यांचं घोडं अडलं होतं. ती बसमध्ये चढली की मागोमाग अर्धी शाळा चढणार, हे उघड होतं. आणि डॉक्टरबाई सोमवारी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन शाळा बघायला येणार होत्या!

"आहे तशी दाखवू," बायको म्हणाली.

"आहे तशी? अगं, त्यांनी शहर बघितलंय! आणि ती तुझी साखळी बघून काय म्हणतील?"

साखळी म्हणजे काय ते सांगतो. गावाच्या या टोकाला आमचं घर, त्या टोकाला शाळा. सकाळी ठकी निघते आणि शेजारचं दार वाजवते. तिथलं पोर बाहेर येतं, तिचा हात धरतं. मग पुढचं दार, पुढचं पोर. असं करत करत शाळेपर्यंत हातात हात घातलेली रांग तयार होते. मोठ्यांच्या मध्ये लहान, हे बायकोनं लावून दिलेलं. कुणी एक मोजा घालून येतं, कुणी तोंडात घास घेऊन येतं. नियम एकच, दारात पोर दिसलं की हात पुढे करायचा. पहाटे दूध गोळा करायला जाणाऱ्या आया, रात्रपाळी करून झोपलेले बाप, सगळे त्या साखळीच्या भरवशावर असतात. मला मात्र ती फोटोत चांगली दिसेल असं काही वाटत नव्हतं.

मी जय्यत तयारी केली. माझ्या दोस्ताकडून, म्हणजे भाजीवाल्याकडून, त्याची व्हॅन मागून घेतली, धुतली आणि वर फलक लावला, "आमची शाळा, आमची बस." त्यात कांद्याचा वास होता. पण आमच्याकडे बस आहे एवढं पाहुण्यांना दिसलं म्हणजे झालं! लाऊडस्पीकर आणला. स्वतःसाठी कोट आणि टाय काढला. आणि रविवारी सगळ्या मुलांना गोळा करून बजावलं, "उद्या सगळ्यांनी माझ्या स्टुडिओपाशी यायचं आणि तिथून बसनं जायचं. आणि पाहुणे जाईपर्यंत हाताची घडी, तोंडावर बोट! काहीही झालं तरी कुणी एक शब्द बोलायचा नाही. कळलं?"

"काहीही झालं तरी?" ठकीनं विचारलं.

"काहीही!"

सोमवारी सकाळी मी कोट चढवून स्टुडिओपुढे उभा राहिलो आणि कपाळाला हात लावला. समोरून साखळीच येत होती! आता स्टुडिओपर्यंत यायचं म्हणजे यांना दुसरं काय सुचणार? ठकी गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारं वाजवत गेली होती आणि अख्खी रांग वळवून परत आली होती.

बरं, आली तर आली. मी एकेकाला उचलून व्हॅनमध्ये बसवू लागलो. कुणाचा भांग सरळ केला, कुणाचं नाक पुसलं. शेवटी एक चिमुरडी हाती लागली. अंगात चुरगळलेला निळा फ्रॉक, केस पिंजारलेले, एकाच पायात बूट आणि तोंडात चक्क दात घासायचा ब्रश! ओठांभोवती फेस!

"अगं, कुणाची गं तू? अशी येतात का शाळेत?"

ती माझ्याकडे टकमक बघत राहिली. मी ठकीकडे वळलो. ठकीनं हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. सगळी व्हॅन तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती. काय शिस्त! मला भरून आलं.

शाळेत पोचल्यावर प्रश्न उभा राहिला तो त्या फेसवालीचा. असं ध्यान पाहुण्यांच्या नजरेला पडलं तर सगळ्या तयारीवर पाणी! बायको दुसऱ्या खोलीत फळा लिहीत होती. मी गुपचूप त्या चिमुरडीला स्वयंपाकघरात नेलं. तिथं आमच्या मावशी वाटाणे सोलत बसल्या होत्या. मावशी मुलांचं जेवण करतात आणि सगळ्या गावाला अरे-तुरे करतात.

"मावशी, पाहुणे जाईपर्यंत हिला इथंच ठेवा. बाहेर दिसता कामा नये!"

"का रे? पोरीनं काय घोडं मारलंय?"

पण मला वेळ कुठे होता! मी बाहेर आलो, घाईघाईत दार ओढलं आणि लाऊडस्पीकर सुरू केला. त्या दाराची बाहेरची कडी जरा सैल आहे, दार जोरात ओढलं की ती आपोआप पडते. हे मला माहीत होतं. पण तेव्हा आठवलं नाही, आणि मागून मावशी दार बडवत होत्या ते सनई-चौघड्यात ऐकू आलं नाही.

फाटकातून डॉक्टरबाई येताना दिसल्या. मी खांदे मागे घेतले, हनुवटी वर केली. पण हे काय? डॉक्टरबाई पळत होत्या! मागे त्यांचे यजमान, एका गालाला दाढीचा साबण तसाच!

मी लाऊडस्पीकर बंद केला.

"आमची मुलगी हरवली हो!" डॉक्टरबाईंना धाप लागली होती. "आत्ता पायरीवर उभी होती! मी पर्स घ्यायला आत गेले, हे दाढी करत होते, आणि बाहेर येऊन बघतो तर नाही!"

"ती कुणाशी बोलत नाही हो," यजमान रडकुंडीला आले होते. "शहरातल्या शाळेत वर्षभर रोज फाटकाशी रडली. बाईंशी नाही, मुलांशी नाही, कुणाशी एक शब्द नाही. कुणी विचारलं तर नावसुद्धा सांगायची नाही!"

अशा वेळी गावात एकच माणूस उपयोगी पडतो, असं माझं तोवर प्रामाणिक मत होतं. मी टाय सैल केला आणि सूत्रं हातात घेतली. "घाबरू नका! मी आहे!" व्हॅन चालवायला आलेल्या भाजीवाल्याला बाजाराकडे पिटाळलं, पाहुणे बघायला जमलेले दोन बाप स्टँडकडे धाडले, लाऊडस्पीकरचा माईक हातात धरून रस्त्यावर उभा राहिलो आणि गावाला हाक दिली, "ऐका हो ऐका! डॉक्टरबाईंची मुलगी हरवली आहे!" बघता बघता निम्मं गाव शोधाला निघालं. मी डॉक्टरबाईंना म्हणालो, "जरा वर्णन सांगा. मी सगळ्यांना ऐकवतो."

"निळा फ्रॉक," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"निळा फ्रॉक!" मी लाऊडस्पीकरवर ओरडलो.

"केस विंचरायचे राहिले होते."

"केस पिंजारलेले!"

"एकाच पायात बूट. आणि दात घासत होती..."

माईक माझ्या तोंडाशी तसाच राहिला. त्यातून सगळ्या गावाला फक्त माझा आवंढा ऐकू गेला.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही! आलोच!" असं म्हणून मी स्वयंपाकघराकडे असा पळालो की कोटाची दोन बटणं वाटेत पडली. हळूच पोरीला काढावी, तोंड पुसावं आणि "ही घ्या, मी शोधून आणली!" असं म्हणावं, एवढाच माझा बेत. कडी काढली, दार उघडलं. आत मावशी होत्या. त्यांच्या हातात लाटणं होतं. पोरगी नव्हती.

"मावशी, ती कुठाय?"

"खिडकीतून गेली! तू कडी घालून पळालास, मेल्या! तुझी ठकी आली, हात पुढे केला, ही गेली. मी कशी जाणार? माझं माप बघितलंयस का?"

मी धाकट्यांच्या खोलीत शिरलो. "ती कुठाय?" सगळ्यांच्या तोंडावर बोट! फक्त बाकाखाली तो ब्रश सापडला, स्वच्छ धुतलेला. थोरल्यांच्या खोलीत गेलो. तिथं एक थोरला मुलगा एका पायानं अनवाणी बसला होता.

"तुझा बूट रे?"

त्यानं बोटानं बाहेर दाखवलं. दुसरं बोट तोंडावर.

"अरे, बोला की! कुणीतरी बोला!" मी केस उपटायचा बाकी होतो.

"पण बाबा," ठकी दारातून म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, काहीही झालं तरी बोलायचं नाही!"

आणि तेवढ्यात घंटा सुरू झाली. ठण! ठण! ठण! अवेळी, बेताल आणि थांबायचं नावच नाही. बाजारातून, स्टँडवरून, गल्लीबोळांतून सगळं गाव शाळेकडे धावलं. डॉक्टरबाई आणि यजमान सर्वांच्या पुढे.

झाडाखाली स्टुलावर ती उभी होती. वेणी घातलेली, एका पायात स्वतःचा बूट, दुसऱ्यात तिप्पट मोठा. भोवती मुलांचं कडं, कुणी स्टूल धरलेलं, कुणी तिची कंबर. आमच्या शाळेत नवं मूल आलं की पहिल्या दिवशी घंटा त्याची, असा रिवाज आहे. ती दोन्ही हातांनी दांडका धरून रूळ बडवत होती आणि हसत होती.

"बाळा!" डॉक्टरबाई ओरडल्या.

घंटा थांबली. मुलीनं आईकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि मग तिला मी दिसलो. तिचे डोळे बारीक झाले. तिनं रुळावरचा दांडका उचलून माझ्यावर रोखला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "आई, या टायवाल्या काकांनी मला कोंडलं!"

गाव माझ्याकडे वळलं. माझी पाचावर धारण बसली. पळून जावं तर फाटकात मावशी लाटणं घेऊन उभ्या!

"ती बोलली," यजमान हळूच म्हणाले. मग ते ओरडलेच, "अहो, ती बोलली! एवढ्या माणसांत!" त्यांनी माझा हात धरून असा हलवला की खांदा निखळायचा बाकी राहिला. गालावरचा साबण माझ्या कोटाला लागला.

डॉक्टरबाईंचे डोळे वाहत होते आणि त्या हसतही होत्या. "चल राणी, घरी जाऊ. नाश्ता राहिलाय तुझा."

"नाही!" मुलगी म्हणाली. "आता वाटाणे सोलायचेत. मग गोष्ट आहे. मग मला साखळीनं घरी सोडणार. ठकीताईनं सांगितलंय."

आणि तिनं स्टुलावरूनच हात पुढे केला. ठकीनं तो धरला. शेजारी बायको उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं. रडू आलं नाही, डोळ्यांत कांद्याचा वास गेला होता एवढंच.

शाळेला कुलूप लागलं नाही. डॉक्टरबाईंच्या मुलीमागोमाग गॅरेजवाल्याची जुळी मुलं बसमधून उतरली ती आमच्याकडेच आली, मग शिंपीणबाईंचा नातू आला, मग शेजारच्या वस्तीतली पोरं. बसवाला हल्ली आमच्या गावात भोंगा वाजवायच्या भानगडीत पडत नाही.

मी परवा एका नव्या आईला सहज विचारलं, "आमच्या शाळेत तुम्हाला काय आवडलं? बसचा फलक बघितला असेल ना? की लाऊडस्पीकर?"

"छे हो! कोंडून ठेवलेली मुलगीसुद्धा इथून घरी जायला तयार नव्हती असं ऐकलं. म्हटलं, मग शाळा चांगलीच असणार!"

आता नवे पाहुणे आले की शाळा दाखवायचं काम डॉक्टरबाईंच्या लेकीकडे असतं. तिचं तोंड दिवसभर मिटत नाही. ती पाहुण्यांना घंटा दाखवते, साखळी समजावते, मग स्वयंपाकघराची खिडकी दाखवते आणि शेवटी मला बोलावते. "आणि हे ते काका!" पाहुणे दोन पावलं मागे सरकतात. मी खाली बघतो.

मग ती माझ्याच स्टुडिओत शिकलेलं, माझ्याच आवाजात, मला म्हणते, "काका, हनुवटी जरा वर! खांदे मागे! हं, आता हसा!"