आधी तारीख बोला

खोपकरकाका माणसाला नाव विचारत नसत, जन्मतारीख विचारत. "आधी तारीख बोला, नाव मागाहून." अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर ते दिसले की बायका पटकन रस्ता ओलांडत. कारण काका भर बाजारात ओरडायचे, "काय हो, बावीस नोव्हेंबर छप्पन्न! बऱ्या आहात ना?"

काका एका केमिकल कंपनीत टाइमकीपर होते आणि रविवारी फुकट वधूवर सूचक मंडळ चालवत. मंडळ म्हणजे ते स्वतः आणि एक लोखंडी कपाट. स्वतः मात्र बिनलग्नाचे. मंडळाचा नियम एकच, मुलगा मुलीपेक्षा मोठा हवा. एकदा दोघांचा जन्म एकाच दिवशीचा निघाला, तर काकांनी दोन्ही आयांना जन्मवेळ विचारली. मुलगा चाळीस मिनिटांनी मोठा होता. "चालेल," काका म्हणाले.

मी चामटोलीचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. उल्हासनगरच्या कंप्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी मला काकांच्या शब्दावर लागली. त्यामुळे "मंडळ कंप्युटरवर घे" असं ते म्हणाले तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दोन जन्मतारखा ताडून पाहायच्या. मुलगा मोठा असेल तर पडद्यावर 'चालेल', नसेल तर 'चालणार नाही'.

पहिलंच स्थळ जमलं. बदलापूरचा सुनील आणि उल्हासनगरची वंदना. वंदनाने तिशी गाठली म्हणून सगळीकडून नकार येत होता. यंत्रावर विसंबून काकांनी स्वतः तारखा ताडल्याच नाहीत, ते गावभर सांगत सुटले, "कंप्युटरने जमवलंय!"

साखरपुड्याच्या आदल्या रविवारी ते धापा टाकत क्लासात आले.

"अरे गाढवा, एकवीस एप्रिल पासष्ट मोठी की आठ जून सहासष्ट?"

"पासष्टवाली मोठी, काका."

"मग हे तुझ्या यंत्राला कोण सांगणार? पोरगी वर्षाने मोठी आहे!"

मी लिहिलेलं उघडून पाहिलं. स्क्रिप्ट तारखेला तारीख समजतच नव्हती. नुसती अक्षरं समजून डावीकडून वाचत होती. '०८' हे '२१'च्या आधी येतं, म्हणून आठ तारखेचा सुनील मोठा. निकाल तिथेच लागायचा, वर्षापर्यंत ती पोचायचीच नाही.

"काका, गप्प बसूया का?" मी भीत भीत विचारलं.

"मंडळाच्या तोंडून खोटी तारीख गेली आहे. चल."

बदलापूरला सुनीलच्या आईसमोर काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि चहाचा कप पुढे सरकवला.

"अहो, कंप्युटर कशाला खोटं बोलेल? त्याला काय कुणाची मुलगी उजवायची आहे? तुम्हीच मोजायला चुकला असाल."

"बाई, मी तारखेत चुकत नाही!"

"वय झालं की होतं असं."

काका लालबुंद झाले. तेवढ्यात सुनील हसत म्हणाला, "काका, ती मोठी आहे हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलंय. मला चालतं."

परतताना मी वाटभर नोकरीची काळजी करत होतो.

लग्न थाटात झालं. पुढच्या रविवारी काका क्लासात आले. मी आधीच सांगून टाकलं, "काका, आज दुरुस्त करतो. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की बरोबर ताडलं जाईल."

"थांब जरा." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "आधी एवढ्या दोन घाल."

मुलगा, तीन सप्टेंबर एक्केचाळीस. ही काकांची तारीख होती, गावात सगळ्यांना पाठ. मुलगी, सत्तावीस जानेवारी एक्केचाळीस.

"ही कोण, काका?"

"होती एक. आमच्या आईने बोटांवर सात महिने मोजले, आणि मी आईपुढे बोललो नाही." ते पडद्याकडेच बघत होते. "घाल तू."

मी तारखा घातल्या. पडद्यावर आलं, 'चालेल'.

"छापून दे."

प्रिंटर करकरला. काकांनी कागदाच्या दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या सावकाश, कुठे न फाडता, सोडवल्या आणि कागदाची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"हं," ते म्हणाले, "आता कर दुरुस्त."