पन्नासपैकी अठरा

चर्चच्या सणाच्या संध्याकाळी पॅरिशच्या मैदानात आपण ऑर्गनवर जॅझ वाजवणार आणि लोक हातातला घास हातातच ठेवून ऐकणार, असं जीनाने एव्हरशाईन सिटीतल्या निम्म्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं. अल्बम पेनड्राइव्हवर तयार होता. आठ रचना, आठ महिने, सगळं घरीच रेकॉर्ड केलेलं. छोटा लेक डिलन झोपला की तिची बोटं पट्ट्यांवर, तो कुशीवर वळला की तीच बोटं त्याच्या पाठीवर. सणाच्या समितीची अट एकच: पॅरिशच्या मासिकात डेरिकसरांचं परीक्षण येऊ दे, मग वीस मिनिटं तुझी.

परीक्षण आलं. सर तीस वर्षं नाताळगीत स्पर्धेचे परीक्षक. गुणांचा दुसरा तक्ता त्यांना ठाऊकच नव्हता. स्वर-ताल: वीसपैकी अठरा. शब्दोच्चार: शून्य. वेशभूषा: शून्य. गटातील एकोपा: शून्य. शेरा: 'प्रयत्न चांगला. पुढच्या वर्षी तयारीने यावे.'

अंक तिच्या हाती पडला तो एका बाप्तिस्म्याच्या जेवणात. भरलं ताट तसंच टाकून ती उठली. अंगात नवा रेशमी फ्रॉक, कडेवर डिलन, मागे नवरा कॅल्विन. रिक्षा थेट सरांच्या वाडीत. कॅल्विन सरांचा जुना विद्यार्थी, तो फाटकापाशीच थिजला.

“सर, माझ्या संगीतात शब्दच नाहीत. उच्चार कसले तपासलेत?”

“तेच लिहिलंय, बाय. शब्द आढळले नाहीत.”

“आणि वेशभूषा? पेनड्राइव्हला काय फ्रॉक शिवू?”

“शिवला असतास तर दोन गुण दिले असते.”

मग मात्र जीनाचा तोल गेला. आठ महिन्यांची एकेक दुपार तिने सरांच्या ओटीवर आपटली. आवाज असा चढला की वाडीतल्या केळी आडव्या व्हायच्याच बाकी राहिल्या. डिलन खूश होऊन टाळ्या पिटत होता. सर चष्मा लावून शांतपणे ऐकत होते, मधूनच काही टिपत होते. शेवटी म्हणाले, चूक दुरुस्त करतो.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली. शब्दोच्चार: दहापैकी दहा, तिसऱ्या घरापर्यंत स्वच्छ. वेशभूषा: नऊ. एकोपा: पाच, कारण एक सदस्य फाटकाबाहेर. स्वर-ताल: बारा, रागात सूर वर सरकतो. एकूण छत्तीस.

त्याच दिवशी समितीचा फोन आला. सणाला जीना हवीच, असं एकमताने ठरलं होतं. सबंध कार्यक्रमाचं निवेदन तिच्याकडे. ऑर्गन मात्र आणू नकोस, म्हणाले, स्टेजवर जागा होणार नाही.