स्थानिकांप्रमाणे मुंबई पाहण्याचा अभ्यास दौरा

हमरस्ता चौपदरी होणार हे नक्की झाले, तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीने विकास करायचे ठरवले. भांडगाव सोडून सोलापूरकडे निघाले की थोड्याच वेळात आमचे गाव लागते. त्याचे नाव इथे देत नाही, कारण विकास झाल्यापासून गावकरी माझ्यावर नाराज आहेत आणि मी अजून तिथलाच ग्रामसेवक आहे. विकासात काय काय असावे यावर सभेत चर्चा झाली. पाणी, गटार, शाळेचे गळके छप्पर असे नेहमीचे विषय निघाले. त्यावर सरपंच बापूसाहेबांनी असे मत मांडले की या गोष्टी मोटारीत बसलेल्या माणसाला दिसत नाहीत, आणि जो दिसत नाही तो विकास धरता येत नाही. मोटार थांबली पाहिजे. ती थांबवण्यासाठी एक आदर्श उपाहारगृह हवे. त्याला जोडून एक कलादालनही हवे, कारण वरून आलेल्या योजनेत दोन्हींना मिळूनच अनुदान होते. नुसते जेवण मंजूर होत नव्हते.

जागेचा प्रश्न नव्हता. रस्त्याला लागून ग्रामपंचायतीची जागा होती. तिच्यावर साखरबाईंची खानावळ होती, एवढीच काय ती अडचण.

साखरबाईंचे यजमान हरिबा यांनी मेंढरे विकली, त्या वर्षी बाईंनी तिथे पत्र्याची शेड घातली. दोन चुली आणि चार बाकडी. ट्रकवाले आणि कंपनीतली बिहारी पोरे त्यांच्याकडे जेवायची आणि जाताना त्यांना अम्मा म्हणायची. जागा हवी म्हटल्यावर बाईंनी भांडण केले नाही. त्या बापूसाहेबांना एवढेच म्हणाल्या, "शेड मी उतरविते. पर नव्या इमारतीत मला गाळा पायजे. माझं दुसरं काय न्हाई."

"मिळणार म्हंजी मिळणार," बापूसाहेब म्हणाले. "माझा शबूद हाय."

बाईंनी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या हाताने पत्रे उतरवले.

आदर्श उपाहारगृह आणि कला म्हणजे नेमके काय असते, हे समजून घेण्यासाठी अभ्यास दौरा काढणे क्रमप्राप्त होते. दौरा मुंबईचा ठरला. पुण्याला आमचे लोक कोर्टाच्या तारखेला आणि दवाखान्याला जातात, त्याला दौरा म्हणत नाहीत. समितीत बापूसाहेब, त्यांचे उजवे हात हौसराव आणि सचिव म्हणून मी होतो. एक महिला सदस्य असणे बंधनकारक होते. बापूसाहेबांच्या पत्नी सुषमाताईंना नेमके त्या दिवशी हळदीकुंकू निघाले, म्हणून साखरबाईंना घेण्यात आले. गाळा आपल्यालाच चालवायचा आहे, तर बघून तरी येऊ, असा विचार करून बाई खुशीने सुमोत बसल्या.

मंजुरीच्या पत्रात एक अट होती. 'समिती सदस्यांनी शहरातील उपाहारगृहे व कला यांचा अनुभव पर्यटकांप्रमाणे न घेता स्थानिक नागरिकांप्रमाणे घ्यावा.' आधीच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी समितीने थंड हवेच्या ठिकाणी जलसंधारणाचा अभ्यास केला होता आणि अहवालाला फक्त घोड्यावर बसलेले फोटो जोडले होते, त्याचा हा परिणाम.

बापूसाहेब अटी काटेकोर पाळणारे गृहस्थ आहेत. सुमोतच त्यांनी सूचना दिल्या. "स्थानिक माणूस इमारतींकडं मान वर करून बघत न्हाई. रस्ता इचारत न्हाई. आन् त्याला कायम घाई असती." त्यानुसार समितीने मुंबईत प्रवेश केल्यापासून फोर्टपर्यंत मान खाली घातली होती. समुद्र डाव्या बाजूला होता असे ड्रायव्हरने नंतर सांगितले.

फोर्टात साखरबाईंचे मावसभाऊ चांगदेव एका इमारतीत लिफ्टमन होते. मूळचे निमोण्याचे, पण मुंबईत वीस-बावीस वर्षे झालेले. आम्ही त्यांना विचारले, "तुम्ही जेवायला कुठल्या उपाहारगृहात जाता?"

"डबा आणतो की घरनं," चांगदेव म्हणाले.

"आणि कला?"

"ती व्हय, ती समोरच हाय." त्यांनी रस्त्यापलीकडच्या एका काचेच्या दाराकडे बोट केले. "येवढी वर्सं ते दार बघतोय. आत कवा गेलो न्हाई."

मी पेचात पडलो. स्थानिक नागरिक उपाहारगृहात जात नाही आणि कला रस्त्यावरून पाहतो, हे सिद्ध झाले होते. अटीप्रमाणे समितीनेही तेच करायला हवे होते, म्हणजे दौरा तिथेच संपत होता. हौसरावांनी लोणावळ्यात थांबत परत जाऊ असे सुचवले. पण बापूसाहेबांनी तोड काढली. चांगदेव निमोण्याचे, म्हणजे शिरूर तालुक्यातले, सबब ते स्थानिक नव्हेत.

"रेशनकार्ड इथलं हाय माझं," चांगदेव दुखावल्या आवाजात म्हणाले.

मग आम्ही खऱ्या स्थानिकाचा शोध सुरू केला. कोपऱ्यावरचा पानवाला आझमगडचा निघाला, त्याच्याकडे पान खात उभा असलेला वकील साताऱ्याचा आणि ज्याला दोघे साहेब म्हणत होते तो कोचीचा. बऱ्याच पायपिटीनंतर एक अस्सल मुंबईकर सापडला. पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. तो हल्ली अमेरिकेत राहत होता आणि सुट्टीला आला होता. त्याने एका उपाहारगृहाचे नाव सांगितले आणि तिथे जेवल्याशिवाय मुंबई कळणार नाही, असेही सांगितले.

तिथे बाहेर रांग होती. चांगले कपडे घातलेली माणसे नाव लिहून फूटपाथवर उभी होती. आमच्याकडे असे फक्त रॉकेलसाठी उभे राहतात. तासाभराने आमचे नाव पुकारले गेले आणि आम्ही आत गेलो, तर भिंतीवर बैलगाडीचे चाक. शेजारी सूप, कंदील, एक मोडका नांगर आणि काचेच्या चौकटीत काळी घोंगडी. साखरबाई घोंगडीपुढे जरा वेळ उभ्या राहिल्या. "आमच्या सासऱ्याची अशीच व्हती," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासंगट जाळली."

फेटा बांधलेला एक मुलगा आला आणि हिंदीत म्हणाला की आजची खासियत गावरान थाळी आहे. पुरीएवढी बाजरीची भाकरी, पितळी वाटीत बोटभर पिठले आणि ठेचा इतका की तो वाढला आहे हे सांगावे लागत होते. पहिली भाकरी दोन घासांत संपली. मुलाने विचारले, "और रोटी?"

आता पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणे आमच्याकडे बरे दिसत नाही. पाहुण्याने नको म्हणायचे, वाढणाऱ्याने ऐकायचे नाही, पाहुण्याने ताटावर आडवा हात धरायचा आणि वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून वाढायचे, ही रीत. त्यामुळे आम्ही चौघेही एकदम म्हणालो, "नको नको, झालं." बापूसाहेबांनी तर हात आडवा धरून मानही वळवली. बराच वेळ त्यांच्या हातावर काही पडेना म्हणून त्यांनी वळून पाहिले, तेव्हा मुलगा थाळ्या उचलून घेऊन चालला होता.

बिल आले. हौसरावांनी ते लांब धरून पाहिले आणि मुलाला विचारले, "ह्याच्यात बैलगाडीचं चाक धरलंय का?"

उपाशीपोटी समिती कलेकडे वळली. चांगदेवांनी दाखवलेल्या काचेच्या दारातून आम्ही आत गेलो. संध्याकाळची वेळ होती आणि कसला तरी समारंभ दिसत होता. पांढऱ्या दालनात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लाल रेशमी फीत ताणून बांधलेली, आणि तिच्या अलीकडे हातात ग्लास घेतलेली मंडळी गप्प उभी.

बापूसाहेबांनी हयातीत ताणलेली लाल फीत पाहून तिला तसेच सोडलेले नाही. सोसायटीचे गोदाम, अंगणवाडी, पिठाची गिरणी, एकदा तर दुसऱ्याच पक्षाच्या माणसाचे सायकल दुकान. ताणलेली फीत आणि गप्प माणसे याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होतो, की पाहुण्यांना उशीर झाला आहे. "जरा वेळ झाला, माफी असावी," असे म्हणत ते पुढे झाले आणि न बघता उजवा हात मागे केला. हौसरावांनी पिशवीतून कात्री काढून त्यात ठेवली. कात्री आणि नारळ ते कायम बाळगतात. फीत कापली गेली. हौसरावांनी आणि मी टाळ्या वाजवल्या. मग हौसरावांनी फरशीवर नारळ फोडला.

बाकी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती फीत हीच कलाकृती होती. शहर आणि खेडे यांच्यातली सीमा असा तिचा विषय होता, आणि ती करायला कलावंत बाईंना वर्ष लागले होते. त्या भिंतीला टेकून रडायला लागल्या. मला वाटले, आता पोलीस येणार. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "विलक्षण." त्यांच्या शेजारचा म्हणाला, "खेड्यानेच सीमा कापली." मग मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला. कलावंत बाईंनी डोळे पुसले आणि बापूसाहेबांचा हात हातात घेतला. कलाकृतीची किंमत तिथल्या तिथे वाढली.

साखरबाई एव्हाना खाली बसून खोबऱ्याचे तुकडे गोळा करत होत्या. दारावरच्या रखवालदाराने त्यांना अडवले. "मौसी, हाथ मत लगाओ. अब ये आर्ट है."

"परसाद हाय तो," बाई म्हणाल्या. "वाटाया नको व्हय?"

नको, असे सर्वांचे मत पडले. नारळावर काच ठेवण्यात आली. बापूसाहेब हे सगळे बारकाईने पाहत होते.

परतीच्या वाटेवर घाट संपला. मग ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, तिथं लोक पैसं कशाचं देत व्हते? जेवणाचं न्हाई. आपल्याकडं जे उकिरड्यावर पडलंय, ते बघायचं." समितीचा अहवाल याहून फारसा वेगळा नाही.

इमारत उभी राहिली आणि गाळ्याचा विषय सभेपुढे आला. योजनेच्या नियमानुसार उपाहारगृह चालवणाऱ्याकडे हॉटेल व्यवस्थापनाची पदविका असणे आवश्यक होते. ती गावात एकट्या इंद्रजीतकडे होती. इंद्रजीत हा बापूसाहेबांचा पुतण्या. त्याला चहा करता येत नव्हता, पण तशी अट नव्हती.

साखरबाई उठून उभ्या राहिल्या. "माझी शेड मी माझ्या हातानं उतरविली, बापूसाहेब. तुमच्या शबदावर."

बापूसाहेब माझ्याकडे पाहू लागले. खरे सांगतो, मलाही वाईट वाटले, आणि वाईट वाटले की मी नियमांचे पुस्तक उघडतो. उपाहारगृहाच्या कलमात जागा नव्हती. पण कलादालनाच्या कलमात शिक्षणाची अटच नव्हती. तिथे ठेवायची वस्तू फक्त अस्सल असली म्हणजे झाले. साखरबाईंच्या अस्सलपणाबद्दल दुमत नव्हते. त्यांना दालनात दर्शनी भागात जागा देण्यात आली. बापूसाहेबांचा शब्द पाळला गेला.

हरिबांनाही मेंढपाळ म्हणून बसवण्याचा विचार होता. पण मेंढरे विकून बरीच वर्षे झाल्याने ते अस्सल धरता येईनात, म्हणून त्यांच्या जागी फायबरची मेंढी आणली.

आता साखरबाई सकाळपासून चुलीपुढे बसतात. समोर दोरी बांधली आहे. त्या थापतात त्या भाकरी खाण्यासाठी नाहीत. खाण्याच्या भाकरी मागे गॅसवर होतात, पुरीएवढ्या. साखरबाईंच्या भाकरी कलेत मोडत असल्याने त्या संध्याकाळी नियमानुसार नष्ट कराव्या लागतात. त्या बापूसाहेबांच्या म्हशी नष्ट करतात. सुरुवातीला एक जुना ट्रकवाला दोरीपाशी येऊन "अम्मा" म्हणाला. बाईंनी त्याला तव्यावरची भाकरी आणि वर मिरची दिली. इंद्रजीतने लेखी तक्रार केली. कलाकृतीने प्रेक्षकांना खाऊ घालू नये, अशी नोटीस मला काढावी लागली. बाईंना वाचता येत नाही, म्हणून मी ती वाचूनही दाखवली.

त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, दिसभर भाकरी करते आन् एकबी कुणाच्या पोटात जात न्हाई. लई वंगाळ वाटतं. मला खानावळीत भांडी घासाया तरी बसवा."

भांडी घासण्यासाठीही अनुभवाचा दाखला लागतो. त्यांच्या जुन्या खानावळीची कुठे नोंदच नव्हती.

हे वाचून तुम्हाला आमच्या ग्रामपंचायतीचा राग आला असेल. तसा तो मागच्या रविवारी तुम्ही सहकुटुंब आलात तेव्हाही आला होता, पण तो गाडी लावायच्या जागेवरून. मग तुम्ही दोरीपाशी उभे राहिलात. "बघा, माझी आजी अशीच भाकरी थापायची," असे तुम्ही मुलांना मोठ्या मायेने सांगितलेत. साखरबाईंनी भाकरी तव्यावरून काढली, तुमच्या धाकट्या मुलीकडे पाहिले आणि विचारले, "भूक लागली का गं, बाळ?" मुलगी हो म्हणणारच होती. तुम्ही तिला मागे ओढलेत, एक फोटो काढलात आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलेत, की ही बाई रोज बोलते, की फक्त सुट्टीच्या दिवशी.