दहा किलोमीटर पूर्वेला

दुर्मिळ वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात शिकाऊ म्हणून लागलेल्या मुलीचं डोकं सकाळपासून गरगरत होतं. जगात जेमतेम अकरा रोपं उरलेली निळ्या फुलाची डोंगरी वनस्पती संगणकाच्या नकाशावर तळ्याच्या मधोमध उगवली होती.

"मॅडम, हिला पोहता येतं का?"

कार्यालयप्रमुख मॅडमनी नकाशा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "काय केलंस तू?"

"तुम्ही सांगितलंत तेच. चोरांना ठिकाण कळू नये म्हणून दहा किलोमीटर पूर्वेला सरकवलं."

"अगं, ते गेल्या वर्षीच्या शिकाऊनेच सरकवलं होतं!"

चौकशी केली तर त्याच्या आधीच्या पोरीनेही तेच पुण्य पदरात पाडून घेतलं होतं. तिघांनी मिळून बिचारीला तीस किलोमीटर चालवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "त्यात काय, तीस मागे घे." घेतले. वनस्पती बसस्थानकाच्या छपरावर जाऊन बसली.

आता मात्र मॅडमना घाम फुटला. उद्या पाहुणे शास्त्रज्ञ बी गोळा करायला येणार होते. दोन दिवसांत बिया वाऱ्यावर उडून गेल्या की वर्षभर हात चोळत बसायचं, आणि तेवढ्यात ती अकरा रोपं गेली तर वनस्पतीच संपली. शिकाऊचं प्रमाणपत्रही पाण्यात गेल्यात जमा होतं.

शेवटी दोघींनी पहिली नोंद करणाऱ्या निवृत्त सर्वेक्षकाचं घर गाठलं. काका व्हरांड्यात नखं कापत बसले होते.

"काका, तुम्ही लिहिलेलं ठिकाण बसस्थानक निघालं हो!"

"निघणारच. खोटंच लिहिलं होतं मी."

"खोटं? का पण?" मॅडम किंचाळल्या.

"तुमच्या कार्यालयावर माझा भरवसा नव्हता. अजूनही नाही. दाखवतो, पण डोळ्यांवर पट्टी बांधून."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मॅडम आणि पाहुणे पट्ट्या बांधून निमूट बसले. शिकाऊनेही रुमाल काढला तसे काका म्हणाले, "तुला नको. तुला उघड्या डोळ्यांनी तरी कुठं काय कळतंय!"

तिला राग आला. पण पाचव्या वळणानंतर आपण डोंगर चढतोय की उतरतोय हेच तिला कळेना.

कड्याच्या आडोशाला काकांनी पट्ट्या सोडायला लावल्या. समोरच रोपं होती. तिने मोजली, परत मोजली. अकरा नव्हे, तेवीस! ती चक्क रडली. पाहुण्यांनी हलक्या हाताने बी पिशवीत भरलं. मॅडमनी काकांना हात जोडले.

कार्यालयात परतल्यावर ती नोंद भरायला बसली. संख्या तेवीस, बी मिळालं, सगळं झालं. ठिकाणाचा रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे सरकेना. तिने बराच वेळ डोकं खाजवलं आणि खरं तेच लिहिलं, "आहे."

मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि तिच्या प्रमाणपत्रावर सही केली.