देवाजीभाऊंचा समुद्रावरचा नाका

मूलहून चंद्रपूरला जाताना जंगलाच्या तपासणी नाक्यावर एसटी जरा थांबली, की देवाजीभाऊ सीटवरून उठतात आणि खिडकीतून गार्डला ओरडून सांगतात, "साहेब, थैलीत वांगे हाय, झिंगे हाय, बायकोची तुटकी चप्पल हाय!"

गार्डने काही विचारलेलं नसतं. सगळी बस हसते. हे आमचे शेजारी, त्यामुळे आईने मला त्यांच्याच सोबत धाडलेलं असतं. मी मोबाइलमध्ये डोकं खुपसते. कान मात्र तापतात.

"पुसाच्या आधी सांगून टाकाव, बाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डॉक्टरकडेही ते तापाआधी सकाळच्या बिडीचं सांगतात.

त्यांची मुलगी शालू गावच्या तलावात डोंगा चालवत वाढली. आता ती शिडाच्या बोटीवर आहे. चौघी मुली कोचीहून श्रीलंकेला निघणार होत्या आणि कागदपत्रं शालूकडे होती: बोटीची नोंदणी, पासपोर्ट, कोची बंदर सोडल्याचा दाखला, बोटीवरच्या खाण्यापिण्याची यादी. तिकडच्या कस्टमला हे सगळं दाखवावं लागतं.

"म्हंजे नाकाच ना!" देवाजीभाऊ म्हणाले, आणि मला घेऊन थेट वन खात्याच्या ऑफिसात गेले. शालूच्या डब्यात त्यांनी मोहफुलं दिली होती. त्या फुलांचा वाहतूक परवाना हवा होता.

"कुठून कुठं?" बाबूने विचारलं.

"मूल ते लंका."

बाबूने पेन खाली ठेवला. "भाऊ, त्याले रावनाची सही लागते."

ऑफिसभर हशा झाला. देवाजीभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाईले इंग्रजी येते. इले पुसा." सगळे माझ्याकडे वळले. भिंतीवरच्या वाघाच्या पोस्टरमागे जागा असती तर मी गेले असते.

परवाना मिळाला नाही. शालूने खाण्याची यादी माझ्याकडे टाइप करायला पाठवली. देवाजीभाऊ शेजारी येऊन बसले.

"मोहफूल कुठी हाय?"

"ते 'स्नॅक्स'मध्ये आलं, भाऊ."

"नाई. लपवल्यावानी दिसते."

मग मोहफुलं वेगळी लिहिली, सुके झिंगे वेगळे. लाखोळीच्या डाळीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना.

"कॉन्व्हेंटात डाळ नाई शिकवत का?"

मी वैतागले. "एवढं कशाला, भाऊ? कोण बघतंय?"

 देवाजीभाऊ हळूच म्हणाले, "शालू चवथीत होती. एका नाक्यावर मले बसमधून उतरवलं. थैलीत रानडुकराचं मटन हाय म्हने. मच्छी होती, बाई. तपासतवरी खाली उकिडवं बसवून ठेवलं. पोरगी बसच्या लोकायसंगं पाहून राह्यली होती."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी लाखोळीचं इंग्रजी नाव शोधून काढलं आणि लिहिलं.

बोट पोचायच्या दिवशी ते सकाळपासून आमच्या ओट्यावर होते. अखेर फोन आला. मी स्पीकर लावला.

"बाबा, झालं! शिक्का भेटला."

"डबा उघडाले लावला का?"

"लावला. पाह्यला, वापस देल्ला."

"तुले कुठी बसवलं होतं?"

"म्हंजे?"

"खाली, का..."



"खुर्चीवर, बाबा. त्यायनं खुर्ची देल्ली."

"मांगं टेकून बसली होती ना?"

शालूच्या नाक ओढण्याचा आवाज ओटाभर ऐकू आला. मी स्पीकर बंद केला आणि फोन त्यांच्या कानाला लावला.