थोरात सरांची गुळणी

थोरात सरांच्या क्लासला पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच त्यांनी माझ्या हातात पाण्याने भरलेला स्टीलचा पेला दिला. पाहुणचार समजून मी पाणी पिऊन टाकलं.

"प्यायचं नव्हतं," सर म्हणाले. "तोंडात धरायचं होतं. दुसरा पेला घे आणि आत जाऊन बस."

आत सात जण गाल फुगवून संगणकांसमोर बसले होते. कोणी बोलत नव्हतं. एकाने हनुवटीने मला रिकामी खुर्ची दाखवली. नाशिकरोडला, जेल रोडच्या मागच्या कॉलनीत, तळमजल्यावर नेटवर्किंगचा एक चांगला क्लास चालतो एवढंच ऐकून मी आले होते. शहरातल्या इतर क्लासांच्या पाट्यांवर टाय लावलेली माणसं हसत उभी असतात. सरांची पाटी त्यांनी स्वतः ब्रशने रंगवलेली होती: 'नोकरीची हमी नाही. समजण्याची आहे.'

पाण्याचं कारण सांगायचं तर आधी माझी फजिती सांगायला हवी.

मी सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. बी.एस्सी. झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीने मला नेटवर्क विभागात घ्यायचं कबूल केलं, पण दोन महिन्यांच्या आत नेटवर्किंगचं सर्टिफिकेट आणून दाखवायचं या अटीवर. वडिलांनी ते पत्र तीन जणांकडून वाचून घेतलं होतं. परीक्षा ऑनलाइन होती. नाशिकमधलं सेंटर बंद पडल्यामुळे ती घरीच, कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची होती. कुठल्यातरी लांबच्या देशात बसलेला पर्यवेक्षक आपल्याकडे टक लावून बघत असतो. आपल्याला मात्र तो दिसत नाही, फक्त त्याचे निरोप पडद्यावर येतात.

नवव्या प्रश्नाला निरोप आला, 'बोलू नका.' मी लिहिलं, 'मी बोलत नाहीये.' थोड्या वेळाने आला, 'ओठ हलवू नका.' मी ओठ दाबून धरले, पण प्रश्न लांबलचक होता, पुढच्या ओळीला ते पुन्हा सुटले. तिसऱ्या निरोपानंतर पडदा पांढरा झाला. परीक्षा रद्द.

उत्तरं मला येत होती. पण ओठ हलत होते हेही खरं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मोठ्याने वाचणं म्हणजेच अभ्यास. गुरुजी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि ज्या वर्गातून आवाज येत नाही त्या वर्गावर छडी घेऊन जायचे. पुढे कॉलेजात आवाज बंद झाला, ओठ चालूच राहिले. ते इतकी वर्षं चालताहेत हे मला त्या परदेशी माणसाने सांगितलं.

सरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच चौकशी केली.

"कितव्या प्रश्नाला उठवलं?"

"नवव्या."

"मला सातव्या. तू बरी आहेस."

तेव्हा मला कळलं की ज्या सर्टिफिकेटसाठी नाशिक, सिन्नर, दिंडोरीची मुलं सरांकडे येतात, ते सर्टिफिकेट खुद्द सरांकडे नाही. बाकीची होती. सेंटर सुरू असताना मान खाली घालून पुटपुटलं तरी चालायचं, तेव्हा त्यांनी अकरा परीक्षा पास केल्या होत्या. ही बारावी कॅमेऱ्यासमोरची, आणि तिच्यातून ते दोनदा उठवले गेले होते.

"रोग मला माहीत आहे, म्हणून औषध मी काढलंय," ते म्हणाले.

"आणि वैद्याला मात्र लागू पडत नाही," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणाल्या.

औषध म्हणजे ती गुळणी. तोंडात पाणी असलं की ओठ हलवता येत नाहीत. हलवले तर शर्ट भिजतो. तीन आठवडे पाणी तोंडात धरून सराव परीक्षा द्यायच्या, चौथ्या आठवड्यात कोरड्या तोंडाने. या पद्धतीत एक धोका होता. ओझरचा एक मुलगा भर सराव परीक्षेत शिंकला आणि एक कीबोर्ड कायमचा गेला. सरांनी तो उन्हात वाळवून पाहिला, मग भंगारात न देता खिडकीत ठेवला आणि सर्दी झालेल्यांना आठवडाभर सुट्टी जाहीर केली.

काकूंची तक्रार वेगळी होती. "घरात आठ जण बसलेत आणि आवाज फक्त माझ्या कुकरचा. शेजारीण विचारते, वहिनी, तुमच्याकडे ध्यानधारणा चालते का?"

सर मूळचे वायरमन. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांची नोकरी झाली. कारखान्यात संगणक आले तेव्हा भिंतीतून केबल ओढायचं काम त्यांच्याकडे आलं. केबल ओढून झाल्यावर त्यांनी साहेबांना विचारलं, हिच्यातून जातं काय? साहेब म्हणाले, थोरात, तुम्हाला काय करायचंय? "वायर मी ओढली," सर आम्हाला सांगत, "तर तिच्यातून काय जातं ते मला कळायला नको?" त्या एका प्रश्नापायी माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी पुस्तकं घेऊन बसला.

शिकवताना त्यांना फळा पुरायचा नाही. एका शनिवारी त्यांनी आम्हाला वह्या घेऊन नाशिकरोडच्या एसटी स्टँडवर उभं केलं.

"सिन्नरची गाडी चुकून त्र्यंबकला का जात नाही?"

"पाटी असते, सर."

"केबलमधून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटालाही पाटी असते. कुठून आलं, कुठं जायचं. मधल्या स्टँडने पाटी बघायची आणि पुढच्या रस्त्याला लावायचं. पाकिटात काय आहे हे त्याने बघायचं नाही. आणि ती चौकशीची खिडकी? तिथं नाव सांगायचं, फलाटाचा नंबर घ्यायचा. डीएनएस म्हणजे तीच खिडकी. फरक इतकाच, की डीएनएस वसकन अंगावर येत नाही."

आठ जण वह्यांमध्ये गाड्यांची ये-जा टिपताहेत हे पाहून वाहतूक नियंत्रक घाईघाईने आले. त्यांना वाटलं, वरून तपासणी आली. "कुठं जायचंय साहेब आपल्याला?"

"कुठंच नाही," सर म्हणाले. "गाड्या कशा जातात तेवढं बघायचंय."

नियंत्रकांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. परत येताना सरांनी रिक्षात वळून विचारलं, "पाकीट पोचलं का?" समजलं का, असं ते कधीच विचारत नसत. पाकीट पोचलं नसेल तर तेच पुन्हा पाठवायचं, न चिडता, हा नेटवर्कचा नियम आणि सरांचाही. सबनेटिंग, म्हणजे एका नेटवर्कचे लहान भाग पाडणं, माझ्या डोक्यात पाचव्यांदा पोचलं. पाचव्या वेळचा त्यांचा आवाज पहिल्या वेळच्याइतकाच शांत होता. मी आजवर एवढ्या शिक्षकांकडे शिकले, असा दुसरा पाहिला नाही.

मुदत संपायला चार दिवस उरले असताना मला तारीख मिळाली. आमच्या घरी एकच खोली, शिवाय शेजारी पिठाची गिरणी. सर म्हणाले, "इथंच दे. आतली खोली तुझी."

त्या दिवशी सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आरशावर चादर टाकली, दारावरची बेल तोडून ठेवली. भंगारवाल्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की उद्या आमच्या गल्लीत ओरडू नकोस. काकूंचा कुकर बंद. "आज पिठलं-भाकरी," त्या म्हणाल्या, "आणि भाकरीसुद्धा हळू थापणार आहे."

पर्यवेक्षकाने खोली चारी बाजूंनी दाखवायला सांगितली, कान दाखवायला सांगितले, बाह्या वर करायला लावल्या. परीक्षा सुरू झाली. तीसेक प्रश्न नीट गेले. मग एक आकृतीचा प्रश्न आला, चार रस्ते, सहा नंबर, आणि खाली परिच्छेदभर मजकूर. निरोप चमकला, 'ओठ हलवू नका.'

आणखी दोन निरोप, की पुण्याची नोकरी गेली. मी जीभ टाळूला लावली, गालांत पाणी आहे असं समजून तोंड घट्ट मिटलं, आणि सगळा मजकूर सोडून आधी फक्त आकृतीकडे पाहिलं. कुठून आलं, कुठं जायचं. उत्तर दिसलं. पुढे निरोप आला नाही. शेवटी पडद्यावर 'पास' आलं तरी मी जबडा सैल सोडला नव्हता.

बाहेर आले तर सर पायरीवर बसलेले, गाल फुगलेले. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी एक बोट वर करून, निरोप आला होता का, अशा भुवया उंचावल्या. मी पुन्हा मान हलवली.

"तीन पेले झाले त्यांचे," काकू म्हणाल्या. "मीच दिले. नाहीतर दर दहा मिनिटांनी दाराशी जाऊन विचारलं असतं, पोचलं का. आता गिळा ते, आणि बोला दोघंही."

सरांनी पाणी गिळलं. मला वाटलं शाबासकी देतील. ते म्हणाले, "निकालाचा कागद छापून घे. जायचंय."

स्कूटरवरून आम्ही मखमलाबादला गेलो. वस्तीच्या पलीकडे, मळ्याच्या बांधावर एक म्हातारी बाई गोणपाटावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. सरांची थोरली बहीण.

"आक्का, ही मनीषा. पास झाली."

आक्काने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि हातातली जुडी न सोडता म्हणाली, "वाच."

सरांनी चष्मा लावला आणि माझा निकाल वाचायला सुरुवात केली. माझं नाव, परीक्षेचं नाव, मग एकेक विभाग. आधी इंग्रजीत, मग मराठीत. आक्का मधेच थांबवत होती. "म्हंजे ते पाटी बघून गाडी लावायचं, तेच ना? त्यात बरे पडले हिला. मागच्या पोराला त्यात लय कमी व्हते."

सरांनी आजवरचा प्रत्येक निकाल इथे आणून वाचला होता.

ते विहिरीच्या मोटरचा फ्यूज बघायला गेले तेव्हा आक्का मला म्हणाली, "मला शाळा नाय. आई गेल्यावर मळा माझ्याकडं आला. ह्यो शाळेतून यायचा, मी जुड्या बांधायचे, आन ह्यो माझ्याम्होरं बसून वाचायचा. मोठ्यानं. एक ओळ झाली की मी म्हनायचे, पुढं. चौथीचं पुस्तक मला पाठ व्हतं, ह्याला नव्हतं."

सर परत आल्यावर मी धीर करून म्हणाले, "सर, आता तुमच्यासाठी तारीख घेऊ. मी तुमच्याकडेच शिकून पास झाले, तुम्हाला अवघड नाही."

त्यांनी हात पुसले. "तोंड मिटलं की मला नुसती अक्षरं दिसतात, मनीषा. पोचत काहीच नाही." मग बहिणीकडे वळून म्हणाले, "ते लोक म्हणतात, आक्का, मनात वाचायचं."

आक्काने जुडीला गाठ मारली.

"मनात वाचल्यावर मला कसं कळायचं?"

सर गोणपाटावर तिच्या शेजारी बसले आणि घडी घातलेला कागद पुन्हा उलगडला. "थांब, खालचं राहिलंय," ते म्हणाले. खाली अगदी बारीक अक्षरांत परीक्षेचे नियम आणि अटी होत्या. त्या कोणीच वाचत नाही, मीही वाचल्या नव्हत्या. सरांनी त्या पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने वाचल्या, आणि त्या वाचून होईपर्यंत आक्काने पुढची जुडी बांधायला घेतली नाही.